जयंती घरात झाली, कलावंतांचे काय झाले?

१४ एप्रिल २०२० ची जयंती आपण घरात साजरी केली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी होती. मिरवणूक नाही, स्टेज नाही, गाण्याचा कार्यक्रम नाही. समाजाने जी शिस्त पाळली ती योग्यच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या शिस्तीची किंमत सर्वात जास्त कोणी मोजली, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही. ती मोजली भीमगीते गाणाऱ्याने, त्याच्या ढोलकीवाल्याने, बेंजोवाल्याने आणि मागे उभ्या असणाऱ्या कोरसने.

रसायनी, मोहोपाडा, खालापूर, कर्जत या आपल्या पट्ट्यात कलावंताचे वर्ष कसे चालते ते आधी समजून घेऊ. त्याचा हंगाम एप्रिल आणि मे. १४ एप्रिलनंतर गावोगावच्या बौद्धवाड्यांत जयंत्या लागतात. मुंबईकर सुट्टीत गावी येतात, म्हणून बुद्ध आणि बाबासाहेबांची संयुक्त जयंती अनेक ठिकाणी मे महिन्यातच होते. याच दिवसांत लग्ने आणि हळदी असतात. जूनला पाऊस सुरू झाला की उघड्यावरचे कार्यक्रम बंद. म्हणजे दोन महिन्यांत मिळालेल्या पैशांवर निदान चार महिने काढायचे असतात. टाळेबंदी नेमकी या हंगामाच्या तोंडावर आली. घेतलेला विसार काहींना परत द्यावा लागला आणि तो तर ढोलकीला नवे चामडे चढवण्यात आधीच खर्च झालेला होता. त्यात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगडला झोडपले. ज्यांचे पत्रे उडाले त्यांची वाद्येही भिजली.

पुढच्या वर्षी तेच. २०२१ च्या जयंतीलाच, १४ एप्रिलच्या रात्री आठपासून, राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. त्याच महिन्यात लग्नाला २५ माणसे आणि दोन तास अशी मर्यादा आली. पंचवीस माणसांच्या लग्नात बँजो पार्टीला कोण बोलावणार?

आपल्या भागात एक फरक मात्र होता. रसायनी-पाताळगंगा हा रासायनिक कारखान्यांचा पट्टा. औषधनिर्मिती आणि अखंड प्रक्रियेचे कारखाने यांना टाळेबंदीतही चालू राहण्याची मुभा होती. त्यामुळे जो दिवसा कंपनीत कंत्राटावर आणि रात्री स्टेजवर, त्याचे घर कसेबसे चालले. जो फक्त कलेवर जगत होता तो आधी उधारीवर गेला आणि मग भाजीच्या गाडीवर. भाजी विकण्यात कमीपणा नाही. पण इतकी वर्षे कमावलेला हात असा बाजूला पडतो, तेव्हा तो परत येईलच याची खात्री नसते.

गाण्यावर एवढी बंदी कशासाठी, असे तेव्हा अनेक तरुण विचारत. त्याला कारण होते. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाचा सुमारे अडीच तासांचा सराव झाला. हजर ६१ जण होते. त्यांच्यापैकी ३२ जणांना एका बाधित गायकाकडून लागण झाल्याचे चाचणीने ठरले, आणखी २० जणांना झाली असावी असे मानले गेले आणि दोघांचा मृत्यू झाला. मोठ्याने गाताना श्वासावाटे सूक्ष्म कण जास्त बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते हवेत तरंगत राहतात. एका माइकवर चार जणांचा कोरस म्हणजे धोका होताच.

मग ऑनलाइन आले. अनेकांनी मोबाइल भिंतीला टेकवून लाइव्ह कार्यक्रम केले, आपण अंगठे आणि निळी हृदये पाठवली. अंगठ्याने किराणा भरत नाही. यूट्यूबवर जाहिरातीतून पैसे मिळवायचे तर तेव्हा किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे ही अट होती. नव्या कलावंताला ती पुरी करायला कितीतरी महिने लागत. त्यापेक्षा ज्या मंडळांनी वर्गणीतले थोडे पैसे लाइव्ह गाणाऱ्याच्या खात्यावर टाकले, त्यांनी खरे काम केले. ही रीत साथीपुरती का ठेवायची, हे आम्हाला कळत नाही.

सरकारी मदतही आली, उशिरा. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपये एकदाच देण्याचा निर्णय घेतला. तोवर दोन हंगाम गेले होते. त्याच महिन्यात असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. आपला वादक स्वतःला कामगार समजत नाही, म्हणून अशा नोंदणीकडे त्याचे लक्ष जात नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ कलावंत मानधन योजना आहे. २०२४ पासून तिचे मानधन दरमहा ५,००० रुपये आहे.

अडचण येते ती पुराव्याची. कलावंत असल्याचे दाखवायचे कसे? आपल्याकडचे बहुतेक व्यवहार तोंडी. सुपारी फोनवर ठरते, पैसे पाकिटात मिळतात, पत्रिकेवर फक्त मुख्य गायकाचे नाव असते. वामनदादा कर्डकांची जन्मशताब्दी आपण २०२२ मध्ये साजरी केली, फलक लावले. पण त्या शताब्दीच्या कार्यक्रमांत ढोलकीवर कोण होते, हे किती मंडळांच्या वहीत लिहिलेले सापडेल?

हे काम गावातल्या कार्यकर्त्याला अर्ध्या तासात करता येते. जयंती झाली की मंडळाच्या लेटरहेडवर प्रत्येक कलावंताला एक पत्र द्यावे. त्यात तारीख, ठिकाण, नाव, वाद्य आणि दिलेले मानधन लिहावे, खाली अध्यक्ष व सचिवांची सही आणि शिक्का. पत्रिकेची एक प्रत आणि कार्यक्रमाचा एक फोटो सोबत जोडावा. मानधन शक्यतो खात्यावर द्यावे, म्हणजे बँकेतही नोंद राहते. आणि पत्रे गायकाबरोबर कोरसमधल्या बायांनाही द्यावीत, कारण पुराव्याचा कागद सर्वात कमी त्यांच्याकडेच असतो.