कानात शिटी वाजू लागली तर...

मे महिन्यात किंवा गणपतीला मुंबईहून बोर्लीला आलेला एखादा चाकरमानी डोळ्यांसमोर आणा. दिवस गाठीभेटींत निघून जातो. रात्री जेवणखाण आटोपते, दिवे मालवले जातात आणि उशीवर डोके टेकल्यावर त्याच्या ध्यानात येते की कानात बारीक शिटी वाजते आहे. रातकिडा असेल म्हणून तो उठून खिडकी लावतो. आवाज तसाच. बायकोला विचारतो, "तुला काही ऐकू येतंय का?" तिला काहीच ऐकू येत नाही. मग मात्र तो घाबरतो. मेंदूत काही झाले असेल का, आता बहिरेपण येणार का, हा आवाज जन्मभर असाच राहणार का, अशा प्रश्नांत रात्र सरते. खरे तर शिटी मुंबईतही असू शकेल. तिथे रहदारी, लोकल आणि शेजारच्या टीव्हीच्या गोंगाटात ती झाकली गेली. इथल्या शांततेत उघडी पडली, इतकेच.

बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात नाद ऐकू येणे याला कर्णनाद म्हणतात. नाव जुनेच आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले आहेत, त्यांत कर्णनाद आहे आणि त्याचा भाऊबंद कर्णक्ष्वेडही आहे. कोणाला शिटी ऐकू येते, कोणाला भुंग्याची गुणगुण, कोणाला वाफेचा सूंऽ असा आवाज, तर कोणाला रातकिड्यांची किर्रकिर्र. उचकी लागली की कोणी आठवण काढली असे आपण म्हणतो. कान वाजण्याला तसले गोड कारण नाही, पण बहुतेक वेळा ते भयंकर कारणही नसते. जगभरातील पाहण्यांचा एकत्रित अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे चौदा टक्के लोकांना केव्हा ना केव्हा कर्णनाद जाणवलेला असतो. फार त्रास होणाऱ्यांचे प्रमाण त्या मानाने पुष्कळच कमी आहे.

आणखी एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघा अमेरिकन संशोधकांनी चांगले ऐकू येणाऱ्या ऐंशी माणसांना आवाजबंद खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते विचारले. त्यांच्यापैकी ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला! खोलीत तर काहीच वाजत नव्हते. म्हणजे पुरेशी शांतता मिळाली तर बहुतेकांच्या कानात थोडाफार नाद असतोच.

नाद येतो कुठून?

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मज्जातंतूतून मेंदूला संदेश जातो. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी या पेशी दुखावल्या की तेवढ्या पट्ट्यातले संदेश कमी होतात. मेंदू मग आपल्या बाजूने जणू रेडिओचा आवाज वाढवतो. स्टेशन नीट लागत नसताना आवाज वाढवला की खरखर वाढते, तसेच काहीसे होते. म्हणून कर्णनाद जाणवणाऱ्या पुष्कळांना श्रवणचाचणीत थोडे तरी ऐकू कमी येत असल्याचे आढळते, जरी त्यांची स्वतःची तक्रार तशी नसली तरी. मेलेल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. थकलेल्या, सुजलेल्या पेशी मात्र सावरतात, आणि नव्या कर्णनादात आशेला जागा आहे ती यामुळेच.

आपल्या भागात याची कारणे शोधायला लांब जायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कितीतरी कामगार कोकणातील गावी परतले. साचेखात्यात वर्षानुवर्षे उभे राहिलेल्यांचे कान त्या खडखडाटाने आधीच दुबळे झालेले होते. ती मंडळी आता सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. भरडखोल, दिघी, जीवना बंदर इथल्या बोटींवर डिझेल इंजिनाशेजारी रात्रंदिवस काढणारे खलाशी आहेत. आखातात बांधकामावर ड्रिलमशीन चालवून आलेले तरुण आहेत. आणि मिरवणुकीतला डीजे तर घरोघरी पोचला आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणे ही कामगारांसाठी मर्यादा मानतात. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा लागतो. या हिशेबाने शंभर डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. मिरवणूक काय पंधरा मिनिटांत संपते? कानठळ्या बसल्या असे आपण हसत म्हणतो, पण दुसऱ्या दिवशी जो कान वाजतो तो दुखावल्याचीच खूण देत असतो. लहान मुलाला खांद्यावर घेऊन स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या बापांना कोणीतरी हे सांगायला हवे.

औषधांचेही तसेच. अॅस्पिरिन किंवा इतर वेदनाशामक गोळ्या मोठ्या प्रमाणात घेणे, क्विनाइन, लघवी वाढवणारी काही इंजेक्शने, जेंटामायसिन आणि एके काळी क्षयरोगात सर्रास दिले जाणारे स्ट्रेप्टोमायसिन यांनी कान वाजू शकतात. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी रोज घेतलेली अॅस्पिरिनची छोटी गोळी किंवा दुसरे कुठलेही औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

कधी थांबायचे नाही?

नाद सुरू झाला आणि त्याच सुमारास एका कानाने एकाएकी कमी ऐकू येऊ लागले, तर ती तातडीची बाब आहे. पुष्कळ जण कानाला दडा बसला, सर्दी असेल, असे म्हणून आठवडा घालवतात. घरीच एक साधी परीक्षा करता येते. फोन एका कानाला लावून बोलणे ऐका, मग दुसऱ्या कानाला लावा. फरक ठळक असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. अशा बहिरेपणावर स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांत केला तर उपयोगाची शक्यता अधिक. दोन आठवड्यांनंतर ती झपाट्याने कमी होते. पाऊस आहे, लावणी चालू आहे, बंदरातून जेटी सुटत नाही ही कारणे इथे चालणार नाहीत. नादाबरोबर चेहरा वाकडा होणे, गरगरून पडणे, डोक्याला मार लागणे किंवा कानातून रक्त-पू येणे हेही ताबडतोब दाखवण्याचे.

नाडीच्या ठोक्याबरोबर धपधप असा आवाज येत असेल तर तो वेगळा प्रकार. मनगटावर बोट ठेवून ताल जुळतो का पाहा. रक्तदाब, पंडुरोग, थायरॉइड किंवा रक्तवाहिनीतील दोष याच्या मुळाशी असू शकतो. फक्त एकाच कानात सतत राहणारा नादही तपासून घ्यावा, क्वचित श्रवणतंतूवर साधी गाठ असते.

बाकीच्यांनी घाई करण्याचे कारण नाही, पण कान एकदा पाहून घ्यावेत. बोर्लीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात निदान कानात मळ आहे का, पडदा लाल आहे का, रक्तदाब किती, हे कळू शकते. निव्वळ मळाच्या गोळ्यामुळे कान वाजतो आणि तो काढल्यावर थांबतो, असे अनेकदा होते. पुढची तपासणी श्रीवर्धन, अलिबाग किंवा मुंबईला. वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, तिथे श्रवणचाचणी आणि श्रवणयंत्राची सोय आहे. काडेपेटीची काडी, केसपिन, किल्ली मात्र कानात घालू नये. लसणीचे कोमट तेलही पडद्याला छिद्र नाही याची खात्री झाल्याशिवाय नको.

बरे होईल का?

प्रत्येकाचा खरा प्रश्न हाच असतो, आणि त्याचे उत्तर सरळ द्यायला हवे. फटाका किंवा डीजेनंतर आलेला नाद बहुधा काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत विरतो. सर्दी, मळ किंवा मध्यकर्णाच्या सुजेमुळे आलेला नाद मूळ दुखणे गेले की बहुधा जातो. आठवडे-महिने टिकलेला नादही पुष्कळांच्या बाबतीत पहिल्या सहा महिन्यांत सौम्य होतो, काहींचा पूर्ण जातो. वर्ष उलटल्यावर तो समूळ जाण्याची शक्यता कमी होते. पण आवाज राहणे आणि त्रास राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दिवेआगरला पाहुणा आला की पहिल्या रात्री समुद्राच्या गाजेने त्याला झोप लागत नाही. वाडीतल्या माणसाला विचारा, त्याला गाज ऐकूच येत नाही. कान दोघांचे सारखेच. वाडीतल्या माणसाच्या मेंदूने ठरवलेले असते की या आवाजात धोका नाही, तेव्हा दखल घ्यायची नाही. कर्णनादाचेही असेच होते. पावेल यास्त्रेबॉफ या शास्त्रज्ञाने १९९० साली मांडले की नाद कानात सुरू होतो, पण त्रास होतो तो मेंदूतील भीतीच्या केंद्रांशी त्याची गाठ पडल्यामुळे. भ्यायलो की लक्ष जाते, लक्ष गेले की आवाज मोठा वाटतो, मोठा वाटला की अधिक भितो. ही गाठ सुटायला वेळ लागतो, बहुतेकांना महिने लागतात. दर तासाला "आहे का अजून?" म्हणून कानोसा घेत बसणे म्हणजे जखमेची खपली रोज काढण्यासारखे आहे.

रात्रीसाठी उपाय सोपा आहे. खोली पूर्ण शांत ठेवू नका. पंखा, हळू लावलेला रेडिओ, मोबाइलवर पावसाचा किंवा लाटांचा आवाज, काहीही चालेल. आवाज नादापेक्षा किंचित हळूच असावा; नाद बुडवायचा नाही, त्याला सोबत द्यायची. आपल्याकडे वीज गेली की पंखा थांबतो आणि शिटी एकदम मोठी वाटते. जून २०२० मध्ये निसर्ग वादळानंतर या किनाऱ्यावर कितीतरी दिवस वीज नव्हती, हे आठवत असेलच. तेव्हा सेलवर चालणारा छोटा रेडिओ उशाशी असू द्या. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडण्यापेक्षा उठून पडवीत बसावे. दिवसा कामावर जावे. कानात बोळे घालून फिरू नये, त्याने नाद अधिकच ऐकू येतो. बोळे किंवा कर्णरक्षक फक्त इंजिन, ग्राइंडर आणि डीजेसाठी. चहा-कॉफी सोडल्याने प्रत्येकाला गुण येतोच असे नाही, स्वतःवर आठवडाभर पाहून ठरवावे.

औषधांबद्दल स्पष्ट सांगतो. कर्णनाद समूळ घालवणारी गोळी आजवर सिद्ध झालेली नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली गिंको, जस्त वगैरे पूरक गोळ्या यासाठी देऊ नयेत असेच सुचवले. तेव्हा "सात दिवसांत गॅरंटी" अशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. ज्यांना ऐकू कमी येते त्यांना श्रवणयंत्राने दुहेरी लाभ होतो. बोलणे ऐकू येते आणि बाहेरचे आवाज आत आल्याने नाद मागे पडतो. गावात यंत्र लावायची लाज वाटते म्हणून ते कपाटात ठेवणारे फार. चष्म्याची कोणी लाज बाळगत नाही, मग याचीच का? दुसरा सिद्ध झालेला मार्ग म्हणजे विचारांची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत. याचा अर्थ नाद मनाचा खेळ आहे असा नव्हे.

घरच्यांसाठी दोन शब्द. "आम्हाला तर काही ऐकू येत नाही, तू उगाच मनावर घेतोस" हे वाक्य टाळा. पहिल्या महिन्यात काही रुग्ण खरोखर खचतात, झोपेविना कासावीस होतात, जगणे नको असे बोलतात. असे बोलणे कानावर आले तर त्याला एकटे ठेवू नका आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेली मानस ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते.

श्रवणचाचणीचा कागद जपून ठेवावा. नाद चालूच राहिला तर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी आणि दोन्ही कागद तज्ज्ञांपुढे ठेवावेत. फरक पडला की नाही ते त्यावरूनच कळते.