फादर एमिल कापॉन : एका लष्करी धर्मगुरूचे चरित्र

सैन्यातील धर्मगुरूचे स्थान मोठे विलक्षण असते. अंगावर लष्करी गणवेश, खांद्यावर हुद्द्याची निशाणी, परंतु हाती शस्त्र नाही, आणि कर्तव्य मात्र नेमके तेथे, जेथे मृत्यूचे थैमान चालू असते. आपल्या भारतीय सेनेतही पंडित, ग्रंथी, मौलवी व पाद्री यांच्या नेमणुका होतात, त्यामुळे मराठी वाचकास ही परंपरा अपरिचित नाही. तरी या पदाची खोली किती असू शकते हे ज्यांच्या चरित्रातून मला उमगले, ते फादर एमिल कापॉन मात्र आपल्याकडे जवळजवळ अज्ञातच राहिले आहेत.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, पिल्सन या चेक वसाहतीच्या लहानशा गावी, शेतकरी कुटुंबात २० एप्रिल १९१६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९४० मध्ये गुरुदीक्षा आणि १९४४ मध्ये सैन्यप्रवेश झाल्यावर, महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात ते ब्रह्मदेश व हिंदुस्थानातही सेवेस होते. १९५० च्या जुलैत आठव्या कॅव्हलरी रेजिमेंटबरोबर ते कोरियातील युद्धात उतरले, आणि जीपच्या बॉनेटवर वेदी मांडून सैनिकांसाठी मिस्सा अर्पण करू लागले.

नोव्हेंबरच्या आरंभी उन्सान येथे चिनी फौजांनी रेजिमेंटला घेरले. ज्यांना शक्य होते त्यांनी निसटून जावे असा हुकूम सुटला असताही, स्वतः हिंडू-फिरू शकणारा हा धर्मगुरू जखमींना सोडून जाण्यास राजी झाला नाही. जखमींत एक चिनी अधिकारी होता. त्याचे मन वळवून फादरांनी आपल्या माणसांची शरणागती सुरक्षितपणे घडवून आणली. पुढे घोटा मोडून पडलेल्या सार्जंट हर्बर्ट मिलर यांच्यावर एक सैनिक बंदूक रोखून उभा असल्याचे दिसताच, ते शांतपणे पुढे झाले, त्याला बाजूस सारले आणि मिलरना उचलून कैदेच्या वाटेने चालू लागले.

यालू नदीकाठच्या प्योकटोंग येथील छावणीत भूक, थंडी आणि अतिसार यांनी माणसे पटापट मरत होती. तेथे फादर रात्री कोठारांतून धान्य चोरीत, आणि निघण्यापूर्वी येशूबरोबर क्रूसावर खिळलेल्या पश्चात्तापी चोराची, संत डिस्मासची प्रार्थना करीत. ज्या धर्मात चोरी निषिद्ध, त्याच धर्माच्या गुरूने केलेल्या या चोरीहून अधिक शुद्ध पुण्यकर्म मला तरी ठाऊक नाही. छपराचे पत्रे ठोकून ते भांडी घडवीत, त्यांत पाणी उकळून कैद्यांना पाजीत, आणि अतिसाराने अर्धमेल्या झालेल्यांची मलिन वस्त्रे स्वतःच्या हातांनी धूत. २५ मार्च १९५१ च्या ईस्टरला, पहारेकऱ्यांचा विरोध असताही, त्यांनी सूर्योदयाच्या वेळी उपासना केली, आणि तिला नाना पंथांचे कैदी जमले.

त्यानंतर पायात रक्ताची गुठळी झाली, अतिसार व न्यूमोनियाने गाठले. सोबत्यांनी विनवण्या केल्या, तरी पहारेकऱ्यांनी त्यांना तथाकथित इस्पितळात हलविले. त्या जागेला कैदी मृत्युगृह म्हणत. २३ मे १९५१ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे जे उरले त्यात मला सर्वांत मोलाचे वाटते ते एक काष्ठशिल्प. जेराल्ड फिंक हे ज्यू अधिकारी छावणीत आले ते फादरांच्या मृत्यूनंतर. त्यांनी फादरांना पाहिलेही नव्हते. परंतु सोबत्यांच्या तोंडून ऐकलेल्या कथांनीच त्यांना इतके भारून टाकले, की सरपणाच्या लाकडातून त्यांनी क्रूसावरील ख्रिस्ताची मूर्ती कोरली, आणि १९५३ मध्ये सुटका होताना कैद्यांनी ती बरोबर आणली. एका ख्रिस्ती पुरोहिताच्या स्मृतीसाठी एका ज्यू शिल्पकाराने घडविलेली ही मूर्ती मला कोणत्याही सरकारी सनदेहून मोठी साक्ष वाटते.

सनदही आली, ११ एप्रिल २०१३ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी सर्वोच्च लष्करी सन्मान, मेडल ऑफ ऑनर, त्यांना मरणोत्तर बहाल केला. होनोलुलूच्या राष्ट्रीय दफनभूमीत अनोळखी म्हणून पुरलेल्या अस्थी त्यांच्याच असल्याची ओळख २०२१ मध्ये पटली, आणि त्याच वर्षी विचिटा येथील कॅथेड्रलमध्ये त्यांचे विधिपूर्वक दफन झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी, परार्थ प्राणार्पण या निकषावर, त्यांना संतपदाच्या वाटेवरील ‘आदरणीय’ घोषित केले. पुढील पायरीसाठी त्यांच्या मध्यस्थीने घडलेला चमत्कार चर्चने मान्य करावा लागतो. तत्पूर्वीच कॅन्ससचे भाविक दरवर्षी विचिटाहून पिल्सनपर्यंत पायी वारी करू लागले आहेत.