१०८ला फोन करताना पैशांचा विचार नको

आमच्या वस्तीतल्या एका काकूंच्या छातीत रात्री कळ आली. "अँब्युलन्सचे किती घेतील?" या विचारात घरच्यांचा अर्धा तास गेला. काकू वाचल्या, पण तो अर्धा तास आम्हाला अजून टोचतो. म्हणून आज १०८च्या पैशांविषयी बोलूया.

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली. त्यातल्या २३३ गाड्या अत्यवस्थ रुग्णांसाठी जास्त साधनं असलेल्या होत्या. फोन पुण्याच्या केंद्रात लागतो आणि तिथून जवळची गाडी पाठवतात. रुग्णाकडून भाडं घेत नाहीत.

मग खर्च कोण करतं? सरकारी तिजोरी. आणि तिजोरीत भर आपलीही असते. साधा साबण घेतला तरी आपण जीएसटी भरतोच.

फेरीमागे भाडं का नाही ठेवत? गाडी नुसती उभी असली तरी ड्रायव्हर, डॉक्टर, ऑक्सिजन, रात्रपाळी हा खर्च चालूच असतो. अग्निशमन दलाच्या बंबासारखंच हे. भाड्यावरच चालवली, तर पैसेवाल्या भागातच गाडी उभी राहील.

तेव्हा संकोच नको. फोनवर पत्ता, जवळची खूण आणि रुग्णाला काय होतंय ते सांगा. कुणी पैसे मागितले तर देऊ नका, गाडीचा नंबर लिहून घ्या आणि तक्रार करा. घरातल्या मुलांनाही १०८ पाठ करायला लावा.