डब्यात न टिकणारे बी

पावसाळा तोंडावर आला की आपल्या नरोली-सिल्वासाच्या परिसरात पुष्कळ कुटुंबांत परसामध्ये एखादे झाड लावण्याचा विचार सुरू होतो. विचार उत्तम आहे. परंतु अलीकडे त्याचा शेवट बहुधा पैसे मोजून आणिलेल्या रोपाने होतो, आणि तेही ठराविक दोन-चार जातींचे. हापूसचे कलम, शोभेचा अशोक, फार तर एखादा नारळ. घरासमोरील मोहाखाली, बांधावरील रायवळ आंब्याखाली किंवा रस्त्याकाठच्या बहाव्याखाली जे बी फुकट पडलेले असते, त्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. कोणी हौसेने ते पेरिले तरी महिनाभर वाट पाहून ‘आमच्या हाताला गुण नाही’ असे म्हणून कुंडी रिकामी करितात.

हाताच्या गुणाचा येथे फारसा संबंध नाही. आपल्या उष्ण प्रदेशातील झाडांच्या बियांचे दोन मोठे वर्ग आहेत आणि दोहोंचे स्वभाव अगदी उलट आहेत. एका वर्गातील बी कठीण कवचाचे असते. ते कोरड्या डब्यात वर्षानुवर्षे जिवंत राहाते, पण त्याचे कवच फोडून पाणी आत गेल्याखेरीज उगवत नाही. दुसऱ्या वर्गातील बी ओले, गरयुक्त असते. ते झाडावरून पडल्यापासून थोड्याच आठवड्यांत पेरावे लागते आणि वाळले की मरते. पहिल्याला आपण घाईने जसेच्या तसे मातीत टाकितो, दुसऱ्याला ‘पुढे पाहू’ म्हणून वाळवून ठेवितो, आणि दोन्ही वाया जातात.

कठीण बियांची गोष्ट सोपी आहे, म्हणून ती आधी सांगतो. बहाव्याची लांब काळी शेंग फोडली की पडद्यापडद्यांच्या कप्प्यांतून चकचकीत बिया निघतात. त्यांच्यावर काचेसारखे आवरण असते. बीच्या ज्या टोकाला नाळेचा लहानसा ठिपका आहे ते सोडून दुसऱ्या बाजूने ती खरबरीत दगडावर घासावी. आतला फिकट रंग दिसला की थांबावे आणि रात्रभर पाण्यात ठेवावे. सकाळी ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या असतील त्याच पेराव्या. न फुगलेल्या पुन्हा घासाव्या. बिया पुष्कळ असल्या तर पाणी उकळून चुलीवरून उतरवावे, त्यात बिया टाकाव्या आणि पाणी आपोआप निवू द्यावे. भांडे चुलीवरच ठेवून बिया शिजवू नयेत. मादागास्करहून आलेल्या गुलमोहरालाही हीच युक्ती लागू पडते. बाभळीच्या बाबतीत हे काम शेळी करिते. ती शेंगा खाते आणि तिच्या पोटातून बाहेर पडलेले बी चांगले उगवते, म्हणून शेळ्यांच्या गोठ्यातील बी वेचण्याची चाल गुराखी जाणतात. सागाचे फळ याहून हट्टी. ते रात्री पाण्यात आणि दिवसा उन्हात, असे आठ-पंधरा दिवस आलटून पालटून ठेविले म्हणजे कोठे त्याला जाग येते, आणि तीही सर्व फळांना एकाच वेळी नाही.

आता दुसऱ्या वर्गाकडे वळू. खरी काळजी करण्यासारखे येथेच आहे, कारण मोह, आंबा, फणस, कडुनिंब, कढीलिंब ही आपल्या घरातील व बांधावरील झाडे या वर्गात मोडतात.

मोहाचे नाव काढताच काहींना भट्टी आठवते आणि ते हसतात. त्यात झाडाचा काय दोष? वारली व कोकणा बांधवांच्या घरी मोहाची वाळविलेली फुले अडचणीच्या दिवसांतील अन्न होती, आणि त्याच्या बीचे, म्हणजे डोळीचे, तेल स्वयंपाकास व दिव्यास चालत असे. फुले चैत्राच्या सुमारास गळतात. फळे पिकतात ती ज्येष्ठ-आषाढात, ऐन पावसाच्या तोंडी. त्या वेळी पडलेली डोळी गर काढून आठवड्याच्या आत पेरिली तर चांगली उगवते. महिना-दोन महिने ठेविली तर तिच्यातून तेल निघेल, रोप निघणार नाही. शिवाय मोहाचे सोटमूळ फार लवकर खोल जाते आणि पिशवीत गुंडाळले गेले की झाड खुरटते. यासाठी शक्य असेल तेथे डोळी कायमच्या जागीच पेरावी. नाहीतर उंच पिशवी घ्यावी. फुलावर यावयास या झाडाला दहा वर्षे सहज लागतात, म्हणून रोपे विकणाऱ्यास त्यात रस नसतो. ज्याने लाविले त्याच्यापेक्षा त्याच्या नातवंडांनाच ते अधिक उपयोगी पडते.

आंब्याची कोयही अशीच. फळ खाल्ल्यावर ती धुवून, चार-आठ दिवसांत, फुगीर कड वर करून पेरावी. वरचे कठीण टरफल जपून उकलून आतले बी काढिले तर कोंब लवकर येतो. येथे एक भेद जाणून घ्यावा. हापूसच्या कोयीपासून हापूसच मिळेल अशी आशा करू नये. त्या कोयीतील रोप हे नव्या मिश्रणाचे असते आणि त्याचे फळ कसे निघेल हे फळ धरल्यावरच कळते. म्हणूनच हापूसचे कलम करावे लागते. उलट पश्चिम किनाऱ्यावरील काही रायवळ जाती अशा आहेत की त्यांच्या एका कोयीतून दोन-तीन कोंब फुटतात, आणि त्यांतील बहुतेक हुबेहूब मूळ झाडासारखे निपजतात. तुमच्या आजीच्या लोणच्याच्या आंब्याची कोय असे अनेक कोंब देत असेल तर ते झाड पुढील पिढीस जसेच्या तसे देण्याचा मार्ग परमेश्वराने त्या कोयीतच ठेविला आहे असे समजा.

फणसाची आठळी वाळू देऊ नये. निघाली की मातीत. कढीलिंबाची काळी पिकलेली फळे चोळून गर काढावा आणि त्याच आठवड्यात पेरावे, कडुनिंबाचेही तसेच. करवंदाचे ताजे बी कुंपणाच्या ओळीत टाकिले तर दोन-तीन वर्षांत गुरांनाही न भेदणारी वई तयार होते आणि वर मुलांना खाऊ मिळतो तो निराळाच. पपईच्या बीवरील बुळबुळीत आवरण मात्र राखेत चोळून काढिले पाहिजे, नाहीतर ते उगवण रोखून धरते. काजू दोन्ही वर्गांच्या मधला आहे. उन्हाळ्यात जमविलेले बी पावसाळ्यापर्यंत टिकते. पाण्यात बुडणारे जड बी तेवढे निवडावे आणि देठाकडची बाजू वर करून थेट खड्ड्यात पेरावे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून हे झाड आपल्या किनाऱ्यावर आणिले. त्या काळच्या समुद्रप्रवासात तग धरण्याइतके काजूचे बी चिवट होते.

जे बी प्रवासात किंवा साठवणीत तग धरीत नाही त्याचे काय होते? नॉर्वे देशाच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहात, उत्तर ध्रुवाजवळ, डोंगराच्या पोटात एक बीजकोठार २००८ साली उघडण्यात आले. जगभरातील धान्यांचे व भाज्यांचे बी तेथे शून्याखाली १८ अंशांत ठेविले जाते, म्हणजे कोठे युद्ध झाले वा दुष्काळ पडला तरी वाण नष्ट होऊ नये. अशी दक्षता घेणाऱ्या त्या कोठारातही आंब्याची कोय किंवा फणसाची आठळी ठेविता येत नाही. वाळवून गोठविताच ती मरते. अशा झाडांचे कोठार म्हणजे उभे झाडच. ते तुटले आणि त्या वर्षी त्याच्या खाली पडलेले बी कोणी लाविले नाही, तर त्या झाडाचा वंश तेथेच संपला.

नरोलीत हे आपण डोळ्यांनी पाहात आहोत. गेल्या काही दशकांत येथे कारखाने आले, त्यांनी पुष्कळांच्या घरी चूल पेटविली, मुलांच्या शाळेचे शुल्क भरले. त्यांच्याविषयी कृतघ्न होण्याचे कारण नाही. परंतु भूखंड सपाट करिताना आणि रस्ता रुंद करिताना जुने मोह व रायवळ आंबे जातात, आणि त्यांच्या जागी जी रोपे लाविली जातात ती त्या झाडांची लेकरे नसतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढिलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, ज्या जाती आपल्या मुलांना कधीच पाहावयास मिळणार नाहीत त्यांच्याविषयी दुःख व्यक्त केले आहे. ते वाचताना कोणास ॲमेझॉनचे अरण्य आठवत असेल. मला आपला बांध आठवतो.

सरकारी वृक्षारोपणावर हे सोपवून चालणार नाही. १९५० साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हा नरोली पोर्तुगीज अमलाखाली होती; १९५४ च्या जुलैत ती मुक्त झाली, आणि वनमहोत्सवाचा आठवडाही जुलैतच येतो. त्या आठवड्यात शाळेत रोप लावून छायाचित्र काढावे, हरकत नाही. पण डोळी त्याच्या आधीच गळू लागते, आणि ती छायाचित्रासाठी थांबत नाही. ख्रिस्तसभेची जुनी रीत या बाबतीत अधिक शहाणी होती: स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस विनवणीचे मानीत, आणि संतांची लितानी म्हणत शेतांतून फिरून पिकांवर आशीर्वाद मागत. आपल्याकडे तो सण बहुधा मे महिन्यात येतो, म्हणजे पेरणीपूर्वी नेमक्या वेळी.

कामाविषयी थोडे. पोयटा, वाळू आणि पूर्ण कुजलेले शेणखत सारख्या मापाने मिसळावे. दुधाच्या वा तेलाच्या रिकाम्या पिशव्या तळाशी भोके पाडून चालतात. बी आपल्या जाडीच्या दुपटीहून खोल पुरू नये. मोठ्या बिया केवळ झाकल्या जातील इतके पुरे. पिशव्या कोंबड्यांपासून व उंदरांपासून जपाव्या, काट्यांची फांदी वर ठेविली तरी भागते. पाणी सकाळी द्यावे. रोप पिशवीत दोन पावसाळे काढू देऊ नये, मुळे तळाशी वेटोळी घालतात.

या वर्षी आपल्या वाडीतील सर्वांत जुना मोह कोणाच्या बांधावर आहे हे वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा, आणि मालकाची परवानगी घेऊन फळे पडू लागताच मुलांना सकाळी लवकर तेथे पाठवा. उशीर केला तर किड्यांनी पोखरलेली डोळीच हाती लागते. प्रत्येक कुटुंबाने दहा बिया पेराव्या, दोन लागल्या तरी पुरेत, आणि जास्त उगवल्या तर मिस्सेनंतर देवळाच्या अंगणात आणून ठेवाव्या. ज्यांच्या परसात मोह नाही ते घेऊन जातील.