एका सेंटची किल्ली

न्यूयॉर्कच्या उन्नत रेल्वेच्या फलाटांवर १८८८ साली थॉमस ॲडम्स यांच्या कंपनीची च्युइंगमची यंत्रं उभी राहिली. एका सेंटचं नाणं टाकायचं, गम घ्यायचा. रंगीत गोळ्यांनी भरलेली काचेची बरणी आणि खाली ओतीव लोखंडाची बैठक, हे अमेरिकेत गल्लोगल्ली पोचलेलं रूप त्यानंतरचं. त्याला ना वीज लागते, ना मोटर. नाणं ही नुसती किंमत नव्हे, तो यंत्राचा एक सुटा भागच असतो, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये.

मुठीमागे एक चकती असते, तिला नाण्याच्या मापाची खाच. खाच रिकामी असेल तर स्प्रिंगच्या ताणावरचा खटका तीत पडतो आणि चकती अडते. नाणं असेल तर खटका त्यावरून सरकून जातो. चकती फिरली की दातेरी चाकामार्फत बरणीच्या तळचं भोकांचं चाक फिरतं आणि एक गोळी घरंगळत खाली येते. दुसरा खटका चकतीला उलट फिरू देत नाही. म्हणूनच वाकडं नाणं अर्ध्यावर अडकलं की मूठ पुढेही जात नाही, मागेही येत नाही. इथे पक्कड लावून जोर करणारा माणूस दाते मोडून बसतो.

बरेचदा मोडलेलं काहीच नसतं. गोळ्यांवरच्या साखरेची भुकटी दमट हवेत चिकटते, खटका वर उचलला जातो आणि तिथेच राहतो. मग यंत्र फुकट गोळ्या देऊ लागतं. त्यावर तेल सोडणं सर्वांत वाईट, कारण तेल आणि साखर मिळून चिकट लगदा होतो. झाकणाचं कुलूप काढून बरणी उतरवावी, जुन्या गोळ्या टाकून द्याव्यात, यंत्रणा सोडवून कोमट साबणपाण्यात जुन्या टूथब्रशने घासावी आणि पूर्ण वाळू द्यावी. चाचणी दोन्ही बाजूंनी घ्यावी: नाणं घातल्यावर मूठ फिरली पाहिजे, आणि न घालता अडलीच पाहिजे. ही दुसरी चाचणी लोक विसरतात.

नाणं बदललं की यंत्राची परीक्षा होते. युद्धासाठी तांबं वाचवायला १९४३ चा सेंट पोलादी निघाला, आणि खोटी लोखंडी नाणी पकडायला ज्या यंत्रांत चुंबक होते त्यांनी हे खरं नाणंही अडवलं. १९८२ मध्ये सेंट जस्ताचा झाला, वजन ३.११ वरून २.५ ग्रॅमवर आलं. पण खटक्याला वजन कळत नाही, माप कळतं. मापात फरक नव्हता, म्हणून यंत्रं चालत राहिली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीचे शेवटचे सेंट पाडले गेले. त्याऐवजी पंचवीस सेंटचं नाणं वापरावं म्हटलं, तर सेंटचा व्यास १९.०५ मिलिमीटर आणि त्याचा २४.२६, म्हणजे सेंटच्या खाचेत ते बसणार नाही. दुकानात रोज चालवायचं असेल तर यंत्रणा बदलावी लागेल. पण जुनी खाच कानस घेऊन मोठी करू नये, असं माझं ठाम मत आहे. ती चकती, दोन्ही खटके आणि त्यांच्या स्प्रिंगा डबीत घालून यंत्रासोबत ठेवाव्यात, आणि मापासाठी त्यातच एक सेंट टाकावा.