बापाचा अपराध आणि मुलाची साक्ष

मूल जेव्हा बापाची गोष्ट सांगते, तेव्हा बापाचा अपराधभाव त्याला नाव घेऊन सांगता येत नाही. त्याला फक्त दिसते: बाप गप्प झाला, बापाने मान खाली घातली. त्यामागचे कारण वाचकाने ओळखायचे असते. बालनिवेदकाची सगळी ताकद या अंतरात आहे. आयर्लंडमधील कॉर्क शहराचा कथाकार फ्रँक ओकॉनर (१९०३–१९६६) याची ‘द ड्रंकर्ड’ ही कथा त्याचा उत्तम नमुना आहे.

कथा सांगतो लॅरी. बाप कष्टकरी, स्वभावाने वाईट नाही. महिनोन्‌महिने दारूला शिवत नाही आणि त्याचा त्याला अभिमानही असतो. हा अभिमानच त्याला बुडवतो. इतके दिवस संयम पाळला म्हणून एक पेला घ्यायचा, आणि मग घरातल्या वस्तू गहाणवटीच्या दुकानात जाऊ लागतात. शेजारचे सुशिक्षित डूली वारतात. बापाला अंत्ययात्रांची भारी हौस, आणि अंत्ययात्रेनंतर गुत्ता ठरलेला. म्हणून आई लॅरीला त्याच्याबरोबर पाठवते. पोर सोबत असले की पाय वाकडा पडणार नाही, असा तिचा हिशेब.

गुत्त्यात बाप पेला मागवतो आणि सवयीप्रमाणे घाई न करता, त्याच्याकडे पाठ फिरवून गप्पा मारत बसतो. लॅरीला तहान लागलेली असते. तो चव घेतो, मग अख्खा पेला संपवतो. पोर झिंगते, ओकते, धडपडून डोक्याला लागते. बापाला त्याला तशा अवस्थेत गल्लीतून घरी न्यावे लागते. बायका दारात उभ्या राहून बघत असतात.

इथे थोडे थांबायला हवे. त्या दिवशी बापाने एक थेंबही घेतलेला नाही. तरी पोराला दारू पाजल्याचा बोल त्याच्यावर येतो आणि त्याला तो खोडता येत नाही, कारण पेला त्याचाच होता. एरवी तो झिंगून येतो आणि लाज घरच्यांच्या वाट्याला येते. आज पोर झिंगले आहे आणि शुद्धीत राहून लाज सोसण्याची पाळी त्याची आहे. आपण गल्लीला कसे दिसतो, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच कळते. यातले लॅरी काहीच सांगत नाही. तो बाहेरची हालचाल तेवढी नोंदवतो. बापाने स्वतः ही कथा सांगितली असती तर ती एक तर सबब झाली असती, नाही तर कबुलीजबाब.

अर्थात हा आवाज निखळ मुलाचा नाही. लहानपण आठवणारा मोठा माणूस त्यात मिसळलेला आहे, म्हणूनच विनोद साधतो. ओकॉनरचे वडीलही पिणारे होते. ‘अ‍ॅन ओन्ली चाइल्ड’ (१९६१) या आत्मचरित्रात ते येतात तेव्हा भीती जास्त आहे, हसू कमी. जे आत्मचरित्रात क्षमा करण्याजोगे वाटत नाही, ते कथेत लॅरीच्या तोंडून क्षम्य होते. ही सूट वाचकाने डोळे उघडे ठेवूनच द्यावी, असे मला वाटते. त्या घरातल्या आईला ती फुकट मिळालेली नाही.

बेळगावकडच्या वाचकांना इथे प्रकाश नारायण संतांचा लंपन आठवेल. ‘वनवास’मधला हा मुलगा आईबाबांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. त्याच्या ‘म्याडसारखं’ या शब्दात किती काय दडलेले आहे, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. लॅरीपेक्षा तो मुलाच्या भाषेला अधिक घट्ट धरून राहतो.

कथेच्या शेवटी आई बापाला फैलावर घेते. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मात्र ती लॅरीला कवटाळते आणि त्याला बापाचा राखणदार देवदूत ठरवते. ही ख्रिस्ती कल्पना मराठीत आणताना ‘रक्षक देवदूत’ असे लिहिले की पोथीचा वास येतो. आपल्याकडची आई एवढेच म्हणाली असती : तुझ्या रूपानं देवच आडवा आला रे.