सातबाऱ्यावर अजून पणजोबाच! खान्देशातील बौद्धवाड्याची जमीन आणि आपली जबाबदारी

चोपडा, अमळनेर, शिंदखेडा, साक्री. खान्देशातल्या कोणत्याही तालुक्यातल्या लहानशा गावात जा आणि बौद्धवाड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, "बाबा, तुमची जमीन किती?" बहुतेक वेळा उत्तर येते, "होती ना, वतनाची होती."

ही "होती" कुठे गेली? कुणी घेतली, कधी घेतली, कोणत्या कागदावर घेतली? घरातल्या शिकलेल्या पोरालाही हे सांगता येत नाही. आपण जयंतीची वर्गणी पै-पैचा हिशोब ठेवून गोळा करतो, पण घरातल्या सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे हे पाहिलेले नसते. म्हणून हा विषय एकदा मुळापासून समजून घेऊ.

वतन म्हणजे काय होते?

गावची राखण, दवंडी, सांगावा पोचवणे, सरकारी रक्कम तालुक्याला नेणे, हद्दीच्या खुणा सांगणे ही कामे महार समाजाकडे पिढीजात होती. त्या बदल्यात थोडी जमीन आणि गावाकडून बलुते मिळे. जमीन कामाला बांधलेली होती आणि माणूस जमिनीला. अशी रीत फक्त आपल्याकडेच होती असे नाही. बोरोबुदूरचा स्तूप ज्या जावा बेटावर आहे, तिथल्या खेड्यांतही गावच्या कारभाऱ्यांना कसायला जमीन देतात. तिला 'तानाह बेंगकोक' म्हणतात. पण तिथे जमीन पदाला जोडलेली असते. पद सुटले की जमीन सुटते. आपल्याकडे ती जातीला जोडली गेली, म्हणून काम सोडण्याची सोयच नव्हती.

बाबासाहेबांनी हे नेमके ओळखले. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. वतनदाराने पूर्ण सारा भरून जमीन स्वतःच्या हक्काची करावी आणि गावकीच्या कामातून मोकळे व्हावे, अशी वाट त्यात होती. त्यांना गुलामी घालवायची होती, जमीन नव्हे. हा फरक आजच्या तरुणांनी नीट लक्षात ठेवावा.

कायदा झाला, पण अट राहिली

मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याबाबतचा कायदा १९५८ चा. त्याने वतने संपली. जमिनी आधी सरकारजमा झाल्या आणि साऱ्याच्या ठरावीक पटीत कब्जेहक्काची रक्कम भरणाऱ्या वतनदाराला त्या परत देण्यात आल्या. यालाच 'रीग्रँट' म्हणतात. ज्यांना कुणी सांगितलेच नाही किंवा ज्यांच्याजवळ तेवढे पैसे नव्हते, त्यांचे प्रकरण अडकले.

परत मिळालेली जमीनही मोकळी नव्हती. ती 'नवीन व अविभाज्य शर्तीची', म्हणजे आजच्या भाषेत 'भोगवटादार वर्ग २'. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि ठरलेली रक्कम, म्हणजे नजराणा भरल्याशिवाय ती विकता येत नाही, तिची सरस-निरस वाटणीही करता येत नाही. ही अट एका अर्थाने आपल्या संरक्षणाची आहे. पण अडल्या-नडल्या माणसाने लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी साध्या स्टॅम्पवर इसार करून दिला, कुळमुखत्यारपत्रावर अंगठा उठवला आणि जमीन दुसऱ्याच्या वहितीत गेली, असे गावोगाव घडले. कागदावर नाव आपले, पीक दुसऱ्याचे. वर शर्तभंग झाला म्हणून जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार मूळ मालकावरच. २०२५ मध्ये पुण्यातल्या मुंढवा येथील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. शहराजवळची जमीन म्हणून तो गाजला. खेड्यातल्या दोन-तीन एकराची बातमी होत नाही, एवढाच फरक.

ज्यांना वतनही नव्हते

खान्देशात आखाजीला सालदाराचे साल ठरते. कपाशीच्या आणि केळीच्या शेतात वर्षभर राबणाऱ्या या माणसांच्या नावावर गुंठाभरही नसते. त्यांच्यासाठी दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा लढा उभा केला. १९५९ च्या सत्याग्रहात खान्देश आघाडीवर होता. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. मागणी साधी होती: पडीक जमीन कसणाऱ्याला द्या.

त्या लढ्याचे फळ म्हणजे गायरानाबाबतचे शासन निर्णय. २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने, १४ एप्रिल १९९० पूर्वीपासून गायरान कसणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढायला सांगितली. पण शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा दिला असेल, तर अशा अपवादात्मक बाबतीत नियमित करण्यास वावही ठेवला. नोटीस आली की घाबरून शेत सोडू नका. पीकपेऱ्याच्या जुन्या नोंदी, दंडाच्या पावत्या, पंचनामे हेच आपले पुरावे आहेत.

याशिवाय दादासाहेबांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन यातून मिळते. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे करायचा.

घराचे काय?

घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला लागले म्हणजे ते आपल्या मालकीचे झाले, असा मोठा गैरसमज आहे. नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. आपली वस्ती मात्र पुष्कळदा गावठाणाच्या हद्दीबाहेर असते. म्हणून मोजणीच्या दिवशी हजर राहा. आपली गल्ली नकाशात आली की नाही, ते बघा.

बहिणीचे नाव

बौद्धांना वारसाहक्काच्या बाबतीत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्राने तर ही सुधारणा १९९४ मध्येच केली होती. तरीही आपल्या घरात बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतली जाते. हिंदू कोड बिलासाठी झगडलेल्या आणि त्यावरून मंत्रिपद सोडणाऱ्या बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर, आणि खाली बहिणीची हक्कसोड. हे आपल्याला शोभते का?

या महिन्यात एवढे करा

१. महाभूलेखवरून घरातला सातबारा आणि ८ अ काढा. भोगवटादार वर्ग कोणता, इतर हक्कात काय नोंद आहे, हे पाहा.

२. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार, कडईपत्रक आणि रीग्रँटच्या आदेशाची नक्कल मागा. नकार मिळाला तर माहिती अधिकारात अर्ज करा.

३. मयताचे नाव असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांचे प्रतिज्ञापत्र जोडून वारस नोंदीचा अर्ज द्या. २०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम याच कामासाठी घेतली. अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

४. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते. १५ दिवसांत हरकत घेता येते, ती वेळ चुकवू नका.

५. परवानगी न घेता इसार, कुळमुखत्यारपत्र, कोऱ्या कागदावर सही, काहीही करू नका.

गावात चार शिकलेली पोरे रविवारी विहारात बसली तर महिनाभरात सगळ्या वस्तीचे उतारे पाहून होतील. वंदना झाली की सतरंजी उचलू नका, त्याच सतरंजीवर कागद मांडा. ज्यांना वतनाचा इतिहास ठाऊक आहे अशी म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत. ती आहेत तोवर कोणते शेत कुठे होते, बांधावर कोणते झाड होते, ते लिहून घ्या. त्यांच्यामागे ते सांगणारे कुणी राहणार नाही.

जय भीम!